बाटिकच्या क्लासातला संप

आमच्या ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा त्यात स्वेच्छा नेमकी कोणाची होती हे मी विचारलं नाही. त्या वर्षांत पुण्यातल्या कारखान्यांमधून अशी माणसं रोज घरी परतत होती. देश खुला झाला, परदेशी यंत्रं येणार, माणसं कमी लागणार, असं पेपरात यायचं. आमच्याकडे ते सगळं एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक नवरा अशा रूपात आलं. शाल कपाटात गेली, घड्याळ भिंतीवर गेलं. नवऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरला.

हे तपासणी खात्यात होते. म्हणजे दुसऱ्यांनी घडवलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, सगळ्या बाजूंनी मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. पंचवीस-तीस वर्षं हेच केलेल्या माणसाची नजर निवृत्त होत नाही. मुलगा शिकून बंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत गेलेला, त्यामुळे विश्रांतवाडीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तपासायला मी एकटीच सापडले.

"पोळी डावीकडे जाड आहे," हे जेवताना म्हणायचे.

"डावीकडून खाऊ नका."

"तसं नाही. लाटताना तुझा उजवा हात जास्त दाबतो. सांगून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोग होईल."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पुढच्या वेळेची तयारी! डब्यांची झाकणं कोणती कोणत्या डब्याची, ते ह्यांनी ठरवून टाकलं. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत चाललंय, असा अहवाल दिला. एकदा मी फोडणी घालत होते, तर मागून आवाज आला, "मोहरी तडतडायच्या आधीच जिरं पडलं." मी वळून बघितलं. हे हाताची घडी घालून ओट्याजवळ उभे.

"काय करून राहिले तुम्ही इथं?" मी ओरडले. मी वऱ्हाडातली. पुण्यात येऊन जन्म गेला तरी राग आला की माझी भाषा गाडीत बसून थेट अमरावतीला जाते.

"काही नाही. बघतोय," हे म्हणाले. आणि खरंच, त्यांना दुसरं काही करायला नव्हतंच.

त्याच आठवड्यात येरवड्यात एका गॅलरीवर मी पाटी बघितली. 'येथे बाटिक शिकवले जाते. नुसते बघायला येऊ नये.' बाटिक म्हणजे काय ते मला धड माहीत नव्हतं. पण आठवड्यातून तीन दुपारी घराबाहेर, एवढं मला कळलं आणि मी जिना चढले.

शिकवणाऱ्या बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. मुसलमान घरातल्या; वडिलांचं आणि आजोबांचं पेठेत कपडे रंगवायचं दुकान होतं. कितीतरी पिढ्या पुण्यातच गेल्या होत्या, आणि त्यांचं मराठी असं होतं की मला माझंच मराठी उसनं वाटायला लागलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "बाई, तुम्ही हे काय करून राहिल्या?"

"'करून राहिल्या' नाही. 'करत आहात,'" बाई म्हणाल्या. "मी कापडातली खळ धुते आहे. ती निघाली की तुमच्या भाषेकडे बघू."

मग त्यांनी समजावून दिलं. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर पेन्सिलीने चित्र काढायचं. जो भाग पांढरा ठेवायचा, त्यावर ब्रशने गरम मेण लावायचं. मग कापड पिवळ्या रंगात बुडवायचं. मेणाखाली रंग शिरत नाही. जे पिवळं ठेवायचं त्यावर मेण, मग केशरी रंग. त्यावर मेण, मग लाल, शेवटी मरून. फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलट जाता येत नाही. सरतेशेवटी कापड साबणाच्या पाण्यात उकळलं की सगळं मेण वितळून वर येतं आणि खालचं चित्र दिसतं. "तोवर काय होणार आहे ते कोणालाच ठाऊक नसतं," बाई म्हणाल्या, "मला असतं, पण मी सांगत नाही."

क्लासात आम्ही आठ-दहा बायका. बुधवार पेठेत रेडिओ-टेपचं दुकान असलेल्यांची बायको यायची, ती मोपेडवर. तिला सगळ्या वहिनी म्हणत. आणि एक वयस्कर काकू होत्या, त्या फक्त गणपती काढायच्या. पहिल्या दिवसापासून गणपती. बाईंनी पान काढायला सांगितलं तरी काकू पानात गणपती काढत. गप्पा तर विचारू नका. मेण वितळेपर्यंत सुना वितळायच्या, रंग चढेपर्यंत जावा चढायच्या. मला इतकं बरं वाटलं की कापड कसंही होवो, मी मरेपर्यंत हा क्लास सोडणार नाही असं ठरवलं.

एक गोष्ट मात्र मी विसरले होते. मला सोडायला स्कूटरवर हे यायचे.

"परत न्यायला यायचंच आहे, तर पेट्रोल कशाला जाळा?" असं म्हणून हे जिन्यातच पेपर घेऊन बसायला लागले. दार उघडं असायचं. पहिल्या दिवशी शांतता. दुसऱ्या वेळी आमच्या गप्पा रंगात आलेल्या असताना जिन्यातून आवाज आला, "मेण जास्त तापलंय. वास येतोय."

बाईंनी पातेल्यात बघितलं. खरंच धूर यायला लागला होता. त्यांनी स्टोव्ह बारीक केला. थोड्या वेळाने पुन्हा जिन्यातून आलं, "नुसतं पातेलं ठेवू नका. खाली पाण्याचं भांडं ठेवा, म्हणजे पेटणार नाही."

बाई उठल्या, दारात गेल्या. "हे पाहा," त्या म्हणाल्या, "आपण आत येऊन बोला, नाहीतर घरी जाऊन बोला. जिना चढण्यासाठी असतो."

मी मनातल्या मनात हात जोडले. घरी जा, घरी जा. हे उठले, पेपरची घडी केली, चपला काढल्या आणि आत आले.

बायकांनी पदर सावरले. वहिनी सुनेची गोष्ट अर्ध्यावर टाकून एकदम महागाईवर बोलायला लागल्या. ह्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पातेलं बघितलं, ब्रश बघितला, कापड ताणायची चौकट हलवून बघितली आणि "काटकोनात नाही" असं सांगितलं. पुढच्या वेळी येताना घरून हातोडी घेऊन आले. त्याच्या पुढच्या वेळी नवीन सुती कापड घेऊन आले. मी म्हटलं, "हे कोणासाठी?" तर बाईंकडे बघत म्हणाले, "फी भरली आहे."

ज्याच्यापासून पळून मी येरवडा गाठलं, तो माणूस माझ्या शेजारी मांडी घालून ब्रश धरून बसला.

आणि काय सांगू, ह्यांचा हात चांगला होता. सगळ्या बायकांची रेघ थरथरायची, ह्यांची थरथरत नसे. पण बाईंचं आणि ह्यांचं एका गोष्टीवरून जे बिनसलं, ते कायमचं. मेण वाळलं की बाई कापड हाताने चुरगळायच्या. त्याने मेणाला बारीक तडे जातात, तड्यांतून रंग झिरपतो आणि कापडावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. बाटिकची ओळख तीच. ह्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"इतकं नीट लावलेलं मेण चुरगळायचं?"

"हो."

"पण तो दोष आहे."

"ते बाटिक आहे. बॉयलर नाही," बाई म्हणाल्या.

ह्यांनी गुपचूप मेणात मधमाशीचं मेण वाढवलं, म्हणजे ते लवचीक राहून तडकणार नाही. आणि एक मोर केला. एक तडा नाही, एक रेघ वाकडी नाही, पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा एका मापाचा. बायका बघतच राहिल्या. बाईंनी चष्मा वर करून बघितला.

"छापील वाटतो."

"थँक यू," हे म्हणाले.

"कौतुक नव्हतं ते."

त्या दिवशी स्कूटरवर विश्रांतवाडीपर्यंत हे बोलले नाहीत. मला क्षणभर वाईट वाटलं. पण घरी पोचताच त्यांनी तो मोर देवघराच्या वर लावला आणि खिळा सरळ आहे की नाही ते दोरी सोडून तपासलं, तेव्हा ते वाटणं गेलं.

माझं स्वतःचं काय, तर माझं मेण नको तिथे पडायचं आणि हवं तिथे पोचायचं नाही. शिवाय गप्पा बंद झाल्या होत्या. नवऱ्यासमोर कोण सासरची गोष्ट सांगणार? म्हणून एके दिवशी मी घरी जाहीर केलं.

"मी बाटिक सोडते. कॉम्प्युटर शिकायला जाणार आहे."

तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मुलगाही फोनवर म्हणायचा, आई, शीक, आता सगळं त्यावरच होणार.

"आणि तुम्ही माझ्यामागे यायचं नाही," मी पुढे म्हटलं. "सोडायला नाही, आणायला नाही, जिन्यात नाही."

"मी कशाला येऊ?" हे मान वर न करता म्हणाले. "माझा हत्ती ओला आहे."

मी बसने गेले. क्लासातली मुलं माझ्या मुलाहून लहान. मी माऊस धरला की तो टेबलावरून खाली पळायचा. शिकवणारी मुलगी म्हणायची, "काकू, हळू, त्याला दाबायचं नाही, नुसतं धरायचं." दोन-तीनदा माझी नजर उगाच दाराबाहेर जिन्याकडे गेली. तिथे कोणी नव्हतं. हवं होतं तेच झालं होतं, तरी मला थोडा राग आला.

इकडे मोकळं घर ह्यांना मिळालं. मी परत यायचे तेव्हा स्वयंपाकघरात मेणाचा वास, गॅलरीत टिपकणारी कापडं, बादल्यांना पिवळ्या कडा. दुधाचं पातेलं मी शेवटचं पांढरं बघितलं ते त्या दिवसांच्या आधी. मी काही बोलले की हे म्हणायचे, "तू तुझं शीक."

मग एका रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. ते तळमजल्यावर राहायचे. पांढरा पायजमा घोट्यापर्यंत लाल झालेला, चेहरा पायजम्याच्या वरच्या भागासारखा पांढरा.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे काही... म्हणजे, काही कापलंय का?"

"कापलंय? अहो, आम्ही शाकाहारी आहोत."

"ते ठाऊक आहे मला. म्हणूनच घाबरलो."

त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीतून लाल पाणी वर येत होतं. हे घरात कापड उकळायचे आणि ते पाणी मोरीत ओतायचे. वर असताना गरम असलेलं मेण खाली जाता जाता पाइपात थिजायचं. असे कित्येक आठवडे. आता पाइप भरला होता आणि शेवटचा मरून रंग तळमजल्यावर प्रकट झाला होता.

प्लंबरला बोलवायला ह्यांनी नकार दिला. स्वतः पाना घेऊन खाली उतरले, पाइप उघडला, आणि सगळी सोसायटी बघत असताना आतून मेणाचा एक अख्खा दांडा बाहेर ओढून काढला. मनगटाएवढा जाड. त्यावर थर होते: पिवळा, केशरी, लाल, पुन्हा पिवळा. पोरं टाळ्या वाजवायला लागली. हे मात्र खिशातून मोजपट्टी काढून दांड्याची जाडी मोजत बसले.

"सेक्रेटरी, इकडे या," हे म्हणाले. "हा पाइप नकाशात दिलाय त्याहून अरुंद आहे. बिल्डरने तुम्हाला फसवलंय."

सेक्रेटरींचा राग क्षणात ह्यांच्यावरून उतरून बिल्डरवर गेला. पण ठराव झालाच: यापुढे इमारतीत कोणीही कापड उकळायचं नाही. बाकी कोणी उकळत नव्हतंच, तरी 'कोणीही' असं लिहिलं. पुणेरी सभ्यता.

आता उकळायचं कुठे? हे रोज येरवड्याला बाईंकडे जायला लागले. त्यांच्या मागच्या अंगणात मोठं पातेलं होतं आणि वरचं मेण काढून घ्यायला झारा. उकळायला गेले ते मग स्टोव्हची पिन बदलायला, चौकटी नव्या करायला, रंगाच्या पुड्यांवर चिठ्ठ्या लावायला राहिले. तड्यांवरून रोज भांडण व्हायचं, आणि रोज हे जायचे. मला कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र मिळालं, पाठोपाठ काचेच्या एका नव्या इमारतीत नोकरीही मिळाली. काम साधं: कागदावरची नावं-पत्ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. ऑफिसला जायला लागले तेव्हा आमच्या घरात सकाळी डबा भरून बाहेर पडणारी मी आणि "किती वाजता येशील?" विचारणारे हे, असं सगळं उलटं झालं होतं.

अशात बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठरलं. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "मी येईपर्यंत क्लास आपण सांभाळा. नवीन काही शिकवू नका. कोणाला त्रास देऊ नका."

पहिलं वाक्य ह्यांनी ऐकलं. पुढची दोन ऐकली नाहीत.

काही दिवसांनी संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर दारात बुधवारातल्या वहिनी, काकू आणि आणखी एक बाई उभ्या. काकूंचे डोळे सुजलेले. मी घाबरून दार उघडलं.

"काय झालं? ह्यांना काही..."

"ह्यांना काय होणार आहे!" वहिनी म्हणाल्या. "आम्हाला झालंय. तुम्ही परत या आणि ह्यांना आवरा."

हळूहळू कळलं. ह्यांनी भिंतीवर 'कामाच्या वेळी बोलणे टाळा' असा कागद लावला होता. येताना केस बांधून यायचं, जाताना ब्रश मोजून द्यायचे. आणि प्रत्येकीचं कापड खिडकीशी उजेडात धरून, पट्टी लावून, मागच्या बाजूला खडूने पास किंवा नापास लिहायला सुरुवात केली होती.

"माझा मोर नापास झाला," वहिनी म्हणाल्या. "असो. मला शाळेपासून सवय आहे. पण काकूंचा..."

काकूंना पुन्हा रडू आलं. "गणपती नापास केला हो," त्या पदरात म्हणाल्या. "म्हणे दोन्ही कान समान नाहीत."

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. मी चहा टाकला. हे तेव्हा अजून येरवड्यालाच होते, उकळत.

"उद्यापासून आम्ही काम बंद ठेवतोय," वहिनींनी कप खाली ठेवत सांगितलं. "तुमच्या कानावर घालून ठेवलं."

त्यांचं मी खरं मानलं नाही. रात्री ह्यांना नुसतं म्हटलं, "काकूंचा गणपती पास करून टाका." तर हे म्हणाले, "करेन की. कान दुरुस्त करून आणू देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मला फोन आला. फोन वहिनींचा, बोलणं एका वाक्याचं: "सुरू झालाय, या." मी साहेबांना घरची अडचण आहे असं सांगितलं, जे खोटं नव्हतं, आणि रिक्षा केली.

क्लासात स्टोव्ह बंद. मेण पातेल्यात थिजून पांढरं झालेलं. सगळ्या बायका भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या आणि मोठमोठ्याने गप्पा मारत होत्या. कितीतरी आठवड्यांच्या साठलेल्या गप्पा. आणि मधोमध दोरीवर एक लांब मरून कापड वाळत होतं, खाली थेंब पडत होते. त्यावर मेणाने लिहून ठेवलेली पांढरी अक्षरं उमटली होती:

माप बंद. गप्पा चालू. चहा चारला.

"खडूने नाही लिहिलं," वहिनी मला म्हणाल्या. "बाटिक केलंय. आता मागणी धुऊनसुद्धा जाणार नाही."

हे गॅलरीत पाठमोरे उभे होते. मी जवळ गेले.

"तुला कोणी बोलावलं?" हे म्हणाले. "मॅनेजमेंटने की युनियनने?"

"घरच्यांनी."

मला वाटलं होतं चिडलेले असतील. चिडलेले नव्हते. चेहरा काहीतरी वेगळाच झाला होता, मुलगा पहिल्यांदा वसतिगृहात सोडून आलो तेव्हा झाला होता तसा.

"आमच्या खात्याला कधी कोणी चहाला बोलावलं नाही," हे एकदम म्हणाले. "कारखान्यात. आम्ही माल नापास करायचो, म्हणजे त्यांचं काम वाढायचं. कामगार आम्हाला साहेबांचे समजायचे आणि साहेब आम्हाला कामगारांचे. संप कितीतरी झाले. घोषणा सगळ्यांच्या नावाने व्हायच्या. आमच्या नावाने कधीच नाही."

"मग?"

"मग काय. ह्या बायकांनी बघ." हे दोरीकडे वळले. "माझ्यासाठी अख्खं नवं कापड रंगवलंय."

इतक्या वर्षांत ह्यांनी कारखान्यातलं काही मला सांगितलं होतं ते यंत्रांबद्दल. डब्यात रोज दोन पोळ्या जास्त का मागायचे आणि त्या रोज परत का यायच्या, ते मला त्या गॅलरीत उभं राहून कळलं. त्यांच्या शर्टाच्या बाहीला लागलेलं मेण नखाने खरवडत राहिले.

"'चहा'तला 'हा' मोठा आलाय," हे म्हणाले.

"आत्ता नको," मी म्हटलं. "आधी बोलणी करा."

बोलणी झाली. मी मध्ये बसले, कारण दोन्ही बाजूंना मीच चालत होते. भिंतीवरचा कागद काढायचं ह्यांनी लगेच मान्य केलं. ब्रश मोजायचे ते मात्र राहू दे, म्हणाले, कारण ते बाईंचे आहेत; ते बायकांनी मान्य केलं. चहावर वाद नव्हताच. गाडी अडली गणपतीवर.

"देवाला नापास करणारे तुम्ही कोण?" काकूंनी विचारलं.

"देवाला नाही. कानाला केलं."

"कान काय देवाहून वेगळा असतो?"

ह्यांनी विचार केला. "तुम्ही दुसरा काढाल?"

"नाही."

"हाच राहील?"

"हाच."

"मग पास." हे उठले, कापड घेतलं, मागचा खडू हाताने पुसला. "कारखान्यात याला 'सवलतीत पास' म्हणायचे. मापात नाही, पण कामाला चालेल."

काकूंनी डोळे पुसले. "गणपतीला सवलत!" त्या म्हणाल्या आणि त्यांनाच हसू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि ते कानांवरून झालेलं हसू इतकं लांबलं की शेजारच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

चार वाजता ह्यांनी स्वतः चहा केला. साखर, पत्ती, दूध सगळं मोजून. फक्त घाईत पातेलं मेणाचं घेतलं. चहावर बारीक तवंग होता आणि ओठ गुळगुळीत झाले. सगळ्यांनी कप रिकामे केले. वहिनींनी तर अजून अर्धा कप मागून घेतला.

बाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. दोरीवरचं कापड अजून तिथेच होतं. त्यांनी ते हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन वाचलं, मग सगळी हकीकत ऐकून घेतली.

"आपल्याला क्लास सांभाळायला सांगितला होता," त्या ह्यांना म्हणाल्या. "तपासायला नाही."

"हो," हे म्हणाले.

"उद्यापासून रंगाची मापं आपण करा. त्यात मोजमाप लागतं. ब्रश ज्याच्या त्याच्या हातात राहू द्या." मग पुन्हा कापडाकडे बघून, "अक्षरं बरी आहेत. तडे तर फारच सुंदर पडलेत."

"मला नाही आवडत," हे म्हणाले.

"विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि ते कापड त्यांनी नळाच्या वरच्या भिंतीवर लावून टाकलं. पुढे कितीतरी वर्षं ते तिथेच होतं. नव्या येणाऱ्या मुली त्याच्याकडे बघून क्लासाचे नियम समजून घ्यायच्या.

हे रंगाचे मास्तर झाले. बायका घरून येताना त्यांना डब्यात काहीबाही आणायच्या आणि ह्यांच्यासमोर खुशाल सासरच्या गोष्टी सांगायच्या. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की हे मला भाजी निवडता निवडता कोणाच्या जावेने काय केलं ते सांगायचे. पोळीकडे त्यांचं लक्ष उरलं नव्हतं. आता पोळ्या ह्यांच्याच असायच्या, आणि त्या कुठल्याच बाजूने गोल नसायच्या. मी बोलत नसे.

दिवाळीच्या आधी ह्यांनी मला साडी केली. मोर नको, हत्ती नको, एवढंच मी सांगितलं होतं. फिक्या पिवळ्यावर तपकिरी पानं, काठापासून काठापर्यंत, सगळी एका मापाची, एक तडा नाही. मी ती ऑफिसला नेसून गेले. मुलींनी गराडा घातला, कुठून घेतली, कितीला, आम्हाला पण हवी. "घरची आहे," मी म्हटलं, आणि उगाच थोडी ताठ बसले.

मी ताठ बसले ते बसले, साडीही बसली. काठाच्या दाट पानांमधलं मेण उकळताना पुरतं निघालं नव्हतं. आमच्या घरात ते कळलं नाही, पण ऑफिसात एसी होता, गारठा असा की मुली स्वेटर घालून बसायच्या. दुपारपर्यंत सगळं मेण आखडलं. साहेबांनी हाक मारली म्हणून मी उठले, तर मी उभी राहिले आणि निऱ्या बसलेल्याच राहिल्या. गुडघ्याशी काटकोन करून. मी तशीच चालत साहेबांच्या टेबलापर्यंत गेले, पुढे साडी, मागे मी.

"पायाला लागलंय का?" साहेबांनी काळजीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हाताने केलेली आहे."

घरी येऊन सांगितलं तर ह्यांना हसू येईना. साडी उलटीपालटी करून बघितली, नखाने काठ खरवडला, वास घेतला. "माझी चूक," म्हणाले. तपासणी खात्यातल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी साडी पिशवीतून येरवड्याला गेली, बाईंच्या अंगणात पुन्हा उकळली, आणि आली ती मऊ सुताची होऊन. रंग थोडा उतरला, काठाची पानं जरा पुसट झाली. मी ती अजून नेसते, पण उन्हाळ्यातच.